हार्मोन बिघडवणारी रसायनं: शास्त्रज्ञांचं कशावर जमलंय आणि कशावर नाही

एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिस्फेनॉल ए या रसायनाची सुरक्षित मर्यादा एका फटक्यात २०,००० पट खाली आणली. बीपीए या नावाने ते जास्त ओळखलं जातं. कडक, पारदर्शक प्लास्टिक त्यापासून बनतं, आणि डबाबंद पदार्थांच्या पत्र्याच्या डब्याला आतून जो लेप असतो त्यातही ते असतं. हा निर्णय आला त्याच सुमारास जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने जाहीर केलं, की आम्हाला हे पटत नाही. आमच्या हिशेबाने मर्यादा याच्या हजारपट असायला हवी.

अशी बातमी वाचून सामान्य माणूस एकच अर्थ काढतो: यांचंच यांच्यात ठरत नाही, आपण कशाला डोक्याला ताप करून घ्या. तिकडे व्हॉट्सॲपवर ‘प्लास्टिकच्या डब्यातलं गरम जेवण म्हणजे विष’ असा फॉरवर्ड फिरत असतो, आणि त्याखाली कुणीतरी शहाणा ‘काहीही सिद्ध झालेलं नाही’ असं लिहून मोकळा होतो. दोघांनाही उत्तर देता येतं. पण त्यासाठी आधी हे बघावं लागतं, की ‘शास्त्रज्ञांचं एकमत आहे का’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन-चार वेगवेगळे प्रश्न आहेत. काहींची उत्तरं तीस वर्षांपूर्वीच मिळाली आहेत, काहींची अजून मिळायची आहेत. पहिल्यांवरचं एकमत झाकायला दुसऱ्यांवरचा वाद वापरला जातो, असं माझं मत आहे.

हार्मोन काम कसं करतं

थायरॉइड, स्वादुपिंड, अंडाशय, वृषण, मेंदूखालची पिट्युटरी अशा ग्रंथी रक्तात जी रसायनं सोडतात ती हार्मोन्स, म्हणजेच संप्रेरकं. दादरच्या फलाटावरची घोषणा आठवा. ‘तीन नंबरवर येणारी गाडी आज पाच नंबरवर येईल’ एवढं एक वाक्य, आणि हजार माणसं जिन्याकडे पळतात. घोषणेला स्वतःची ताकद काही नसते. ऐकणारे कान तयार असतात आणि पळणारे पाय त्यांचेच असतात. शरीरातल्या पेशींनाही असे कान असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असलेल्या पेशीलाच इस्ट्रोजेन ऐकू जातं, बाकीच्यांच्या कानावरून ते निघून जातं.

आवाज लहानच लागतो, म्हणून मात्राही अगदी नगण्य असते. इस्ट्रॅडिओल हे स्त्रियांमधलं मुख्य इस्ट्रोजेन. पाळीच्या वयातल्या स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तात ते काही दहा ते काहीशे पिकोग्रॅम सापडतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

आता या यंत्रणेत बाहेरचा कुणी घुसला तर काय काय करू शकतो? खोटी घोषणा करू शकतो. खरी घोषणा होत असताना माइक अडवून बसू शकतो. घोषणा देणाऱ्यालाच कामावर येऊ देत नाही, किंवा झालेली घोषणा लवकर पुसली जाऊ देत नाही. हे सगळं करणारी रसायनं सापडली आहेत. त्यांना ‘एंडोक्राइन डिसरप्टर’ म्हणतात. आपण पुढे ‘हार्मोन बिघडवणारी रसायनं’ म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पुढे आणलेली व्याख्या आज सगळीकडे वापरली जाते: पदार्थ बाहेरून आलेला हवा, त्याने हार्मोन यंत्रणेच्या कामात फरक पडायला हवा, आणि त्या फरकामुळे त्या जीवाला, त्याच्या संततीला किंवा समूहाला अपाय व्हायला हवा. नुसता फरक पडला, अपाय झाला नाही, तर ते रसायन या यादीत बसत नाही. ही अट किती कडक आहे ते फॉरवर्ड पाठवणारे सहसा सांगत नाहीत.

वेळ महत्त्वाची, हेही फलाटावरूनच कळतं. रात्री दोनला चुकीची घोषणा झाली तर एखाददुसरा झोपाळलेला प्रवासी इकडचा तिकडे जाईल. संध्याकाळी सहाला झाली तर गोंधळ. शरीरातली संध्याकाळची सहाची वेळ म्हणजे गर्भावस्था: ठरावीक आठवड्यांत ठरावीक अवयव घडतात, आणि ते कसे घडायचे हे हार्मोन सांगतात. प्रौढपणी रसायन शरीरातून निघून गेलं की हार्मोन पूर्ववत होऊ शकतात. गर्भात एकदा चुकीचा घडलेला अवयव परत घडवता येत नाही.

एक गोळी आणि एक नळी

गर्भातल्या या प्रकाराचा सर्वात स्पष्ट पुरावा औषधाच्या रूपाने आला, आणि तो दुर्दैवाने माणसांवरचा आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस, हे प्रयोगशाळेत बनवलेलं इस्ट्रोजेन. १९३८ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांच्या गटाने ते तयार केलं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना ते दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत त्याचा गर्भपात टाळायला उपयोग होत नाही असं दिसलं, तरी डॉक्टर ते लिहून देत राहिले. मग बोस्टनच्या डॉक्टरांकडे योनीच्या एका दुर्मिळ कर्करोगाच्या तरुण मुली येऊ लागल्या. १९७१ मध्ये त्यांनी आठ जणींची माहिती प्रसिद्ध केली. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. आयांना वरवर काही झालेलं नव्हतं. चटका मुलींना बसला, तोही पंधरा-वीस वर्षांनी.

याच डॉड्स यांनी त्याआधी, १९३६ मध्ये, आणखी एका पदार्थाचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम दाखवला होता. तो पदार्थ म्हणजे बीपीए. त्याहून जोरदार डीईएस हाती लागल्यावर औषध म्हणून बीपीए मागे पडलं, आणि १९५०च्या दशकात ते प्लास्टिकचा कच्चा माल म्हणून परत आलं. म्हणजे बीपीए हार्मोनसारखं वागतं हे त्याची बाटली बनण्याआधी ठाऊक होतं!

नळीची गोष्ट १९८०च्या दशकाच्या अखेरीची. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या अशा पेशी वाढवत होते ज्या इस्ट्रोजेन मिळालं तरच वाढतात. एके दिवशी इस्ट्रोजेन न घातलेल्या बश्यांमधल्या पेशीही धडाधड वाढलेल्या दिसल्या. कुणाचा हात लागला, पाणी बदललं, हवेतून काही आलं का, असं एकेक करत महिनोन्‌महिने शोध चालला. शेवटी गाडी अडली ती साठवणीच्या प्लास्टिक नळ्यांपाशी. नळ्या बनवणाऱ्या कंपनीने प्लास्टिकची कृती बदलली होती, आणि काय बदललं ते धंद्याचं गुपित म्हणून सांगायला नकार दिला. दोघांनी स्वतःच पदार्थ वेगळा काढून ओळखला: नॉनिलफिनॉल. प्लास्टिक लवकर ठिसूळ होऊ नये म्हणून घातलेला. इस्ट्रोजेनची खोटी घोषणा तोच करत होता.

मुरगावची गोगलगाय

प्रयोगशाळेबाहेर, उघड्या निसर्गात, सर्वात पक्कं सिद्ध झालेलं प्रकरण समुद्री गोगलगाईंचं आहे. जहाजाच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून ट्रायब्यूटिलटिन, म्हणजे टीबीटी, घातलेला रंग लावत. बंदरांच्या आसपास गोगलगाईंच्या माद्यांना नराचं लिंग उगवलेलं दिसायला लागलं. काही जातींत अंडी बाहेर पडायची वाटच बंद होई आणि मादी अंड्यांसकट मरे. माद्यांना असं लिंग उगवायला पाण्यात लिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास टीबीटी पुरतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

आपल्याकडेही हे झालं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मुरगाव परिसरातल्या क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगाईत हाच प्रकार नोंदवला. कोकणाचं नाव मिरवणाऱ्या या जातीतल्या माद्या नरासारख्या होत होत्या. फ्रान्सने आर्काशोंच्या उपसागरातली कालवांची शेती कोलमडल्यावर १९८२ मध्येच छोट्या बोटींवर हा रंग बंद केला होता. जगभरासाठी आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. रंग थांबला तसं बऱ्याच किनाऱ्यांवर गोगलगाई परत आल्या. कारण दिसलं, कारण काढलं, परिणाम ओसरला. यापेक्षा चांगला पुरावा निसर्गात क्वचितच मिळतो.

१९९१ चं निवेदन

थिओ कोलबॉर्न या प्राणिशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या महासरोवरांच्या भागातले पक्षी आणि मासे यांच्यावरचे शोधनिबंध वाचत होत्या. पाखरांची घरटी ओस, पिलांत व्यंगं, माशांचे थायरॉइड फुगलेले. प्रत्येक तज्ज्ञाकडे आपापल्या प्राण्याचा तुकडा होता. जुलै १९९१ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या विंगस्प्रेड इथे २१ शास्त्रज्ञांना एकत्र बसवलं. ‘एंडोक्राइन डिसरप्टर’ हा शब्दप्रयोग तिथलाच.

त्या बैठकीचं निवेदन मला आजही नमुना म्हणून दाखवावंसं वाटतं. त्यात खात्रीच्या पायऱ्या पाडल्या आहेत. ‘आम्हाला खात्री आहे’ या मथळ्याखाली: माणसाने बनवलेली अनेक रसायनं प्राण्यांची, माणसाचीही, हार्मोन यंत्रणा बिघडवू शकतात, आणि अनेक वन्यजीवांवर परिणाम झालेला आहे. त्याखालच्या पायरीवर, बऱ्याच विश्वासाने मांडलेले अंदाज. त्याखाली गणितं आणि प्रारूपं काय सुचवतात ते. आणि मग अनिश्चिततेचा वेगळा परिच्छेद: माणसांवर परिणाम कोणते आणि किती, हे अजून नीट ठरलेलं नाही. म्हणजे ‘सगळंच सिद्ध झालंय’ असं तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं. २०१२ साठीचा जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा संयुक्त अहवाल आला, तेव्हा वरच्या पायऱ्यांवरचा पुरावा कितीतरी वाढला होता. अशी माहीत किंवा संशयित रसायनं सुमारे ८०० आहेत, आणि त्यांतली फार थोडी नीट तपासली गेली आहेत, असं तो अहवाल सांगतो.

‘पण इतक्या कमी मात्रेने काय होतंय?’

हा आक्षेप रास्त आहे. मीठसुद्धा फार खाल्लं तर मारतं. विष मात्रेत असतं, हे सोळाव्या शतकापासूनचं विषशास्त्राचं बाळकडू. त्यावर चालणाऱ्या चाचणीत प्राण्याला मोठे डोस देतात, परिणाम दिसेनासा होईपर्यंत खाली येतात, आणि त्याखाली आणखी सुरक्षेचं अंतर सोडून मर्यादा ठरवतात.

हार्मोनच्या बाबतीत दोन अडचणी येतात. एक, शरीरात खरं हार्मोन आधीच फिरत असतं; बाहेरच्या रसायनाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दुसरी, फलाटावर भोंगा कानठळ्या बसेल इतका मोठा केला तर कुणाला शब्द कळत नाहीत आणि कुणी हलत नाही. हार्मोनचंही असं होतं: मात्रा फार वाढली की पेशी आपले रिसेप्टर कमी करतात. त्यामुळे मोठ्या डोसला परिणाम दिसला नाही म्हणून लहान डोसला दिसणार नाही, असं गृहीत धरता येत नाही. हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. ते किती वेळा घडतं, नेहमीच्या चाचण्या त्याला चुकतात का, आणि हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनाला ‘याखाली काहीच होत नाही’ अशी रेषा असते का, यावर मात्र मतभेद खरे आहेत.

अमेरिकी सरकारने बीपीएसाठी या वादाचा निकाल लावायचं ठरवलं. एकाच मोठ्या प्रयोगातले उंदीर सरकारी आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी मिळून तपासले. २०१८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने निष्कर्ष काढला की सध्याचा वापर सुरक्षित आहे. विद्यापीठांतल्या अनेकांनी सर्वात लहान डोसवरही परिणाम दाखवले. सरकारी बाजूने पारंपरिक मापं लावली, विद्यापीठांनी मेंदू, स्तनग्रंथी वगैरेंची बारीक तपासणी केली. उंदीर तेच, भिंग वेगळं.

सोयाबीनमध्येही इस्ट्रोजेनसारखे घटक असतात, मग तेही बंद करायचं का, असं कुणी विचारतं. असतात. शरीर ते बऱ्यापैकी लवकर बाहेर टाकतं, आणि कोण काय किती खातं ते आपल्याला दिसतं. तरीही फक्त सोया-दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांबद्दल शास्त्रज्ञ प्रश्न विचारतातच. नैसर्गिक म्हणून माफी नाही.

बर्लिनमध्ये काय ठरलं

२०१३ मध्ये हा वाद चिघळला. युरोपीय आयोग हार्मोन बिघडवणारं रसायन ओळखायचे निकष ठरवत होता. विषशास्त्राच्या नियतकालिकांच्या १८ संपादकांनी त्याविरुद्ध संपादकीय लिहिलं. हार्मोनतज्ज्ञांनी कडक उत्तर दिलं. त्या १८ जणांपैकी बहुतेकांचे उद्योगांशी संबंध होते, हे पत्रकारांनी दाखवलं. आयोगाची मुदत डिसेंबर २०१३ ची होती; ती हुकली. स्वीडन न्यायालयात गेलं, आणि आयोगाने आपलं कायदेशीर काम केलं नाही असा निकाल डिसेंबर २०१५ मध्ये लागला.

मग एप्रिल २०१६ मध्ये बर्लिनला दोन्ही बाजूंचे मिळून २३ शास्त्रज्ञ एका खोलीत बसवले गेले. यजमान होती तीच जर्मन जोखीम-मूल्यांकन संस्था. दोन दिवसांत बऱ्याच गोष्टींवर त्यांचं जमलं: आरोग्य संघटनेची व्याख्या मान्य, रसायन किती जोरदार आहे हे ओळख पटवताना लावायचं नाही, ते पुढे धोका मोजताना बघायचं. याखाली काहीच होत नाही अशी रेषा असते का, हा प्रश्न तेवढा खुला ठेवला गेला. ही बातमी भांडणाच्या बातमीइतकी कुठे गाजली नाही. कीटकनाशकांचे निकष २०१८ मध्ये लागू झाले, ठरलेल्या मुदतीच्या साधारण पाच वर्षं उशिरा.

४,०००, २०० आणि ०.२

आता त्या हजारपटीच्या बातमीकडे. २०१५ मध्ये युरोपची मर्यादा होती वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४,००० नॅनोग्रॅम बीपीए. २०२३ मध्ये ती झाली ०.२ नॅनोग्रॅम. जर्मन संस्थेचा आकडा २०० नॅनोग्रॅम. मतभेद २०० विरुद्ध ०.२ चा, पण दोघंही जुन्या ४,००० च्या कितीतरी खाली आहेत. ‘फार कडक’ म्हणणाऱ्या जर्मनांचाही आकडा जुन्या मर्यादेच्या विसाव्या हिश्श्याचा. मथळ्यांतून एवढंच गळलं.

फरक पडला तो कोणता परिणाम धरला यावरून. प्राधिकरणाने उंदरांतल्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी वाढल्याचा निष्कर्ष आधाराला घेतला. जर्मनांचं म्हणणं, त्या पेशी वाढल्या म्हणून आजार होतो हे कुठे दिसलंय. त्यांनी उंदरांच्या शुक्राणूंची घट धरली. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी घालून हा हिशेबच संपवला.

माणसांवरचा पुरावा

गरोदर बाईला मुद्दाम रसायन पाजून प्रयोग करता येत नाही. त्यामुळे माणसांमधला पुरावा अपघातांतून आणि सर्वेक्षणांतून येतो, आणि तो नेहमी थोडा अडखळत येतो.

केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वीसहून अधिक वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बागांच्या पायथ्याच्या गावातले १० ते १९ वयाचे ११७ मुलगे आणि दुसरीकडचे ९० मुलगे ताडून पाहिले. फवारणीच्या गावातल्या मुलग्यांच्या रक्तात एंडोसल्फान जास्त होतं आणि ते उशिरा वयात येत होते. एक गाव, शेकड्यातली संख्या. त्यावरून कासरगोडातल्या प्रत्येक आजाराचं खापर एंडोसल्फानवर फोडता येत नाही, आणि तो वाद आजही आहे. पण प्राण्यांत जे दिसलं तेच मुलांत दिसावं, हे सोडून देण्यासारखं नाही. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली, आणि त्याच सुमारास, लवकर न विघटणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराखाली, जगानेही.

याउलट, ‘पुरुषांचे शुक्राणू निम्म्यावर आले’ ही बातमी घ्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणाने उत्तर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या पुरुषांत १९७३ ते २०११ दरम्यान शुक्राणूंची दाटी पन्नास टक्क्यांहून जास्त घटल्याचं दाखवलं. मोजायच्या पद्धती बदलत गेल्या, तपासणीला कोण येतं तेही बदललं, असे आक्षेप आहेत. घट खरी मानली तरी तंबाखू, लठ्ठपणा, बैठं काम, उष्णता आणि रसायनं यांत कुणाचा वाटा किती, हे सुटलेलं नाही. ‘प्लास्टिकमुळे’ असं ठामपणे लिहिणारा पुराव्याच्या पुढे पळतोय.

मग ‘बीपीए-फ्री’ घ्यायचं?

भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांच्या मानकातून बीपीए असलेलं प्लास्टिक बाद केलं. बाळ लहान, वय नाजूक, दूध गरम. सुरुवात तिथून झाली ते बरोबरच. पण बाटलीवर ‘बीपीए-फ्री’ छापलेलं असलं म्हणजे आत काय आहे ते कळतं असं नाही. उद्योगाने बऱ्याच ठिकाणी बीपीएच्या जागी त्याचा जुळा भाऊ बिस्फेनॉल एस वापरला. जानेवारी २०२३ मध्ये युरोपच्या रसायन संस्थेने त्यालाही हार्मोन बिघडवणारं म्हणून अतिचिंतेच्या यादीत टाकलं. एकेक रसायन बंद करत जायचं आणि त्याच घराण्यातलं पुढचं वापरात यायचं, या शर्यतीत चाचणी नेहमी मागे राहते. म्हणून युरोपच्या नव्या बंदीत या कुटुंबातली इतर धोकादायक रसायनंही धरली आहेत.

घरात करायच्या गोष्टी थोड्या आहेत. गरम आमटी, चहा प्लास्टिकात नको, मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकचा डबा नको. स्टीलचा डबा आपल्याकडे आहेच. पाण्याचे मोठे जार टेम्पोत किंवा दुकानाबाहेर उन्हात तापलेले असतील तर दुसरे मागा. ओरखडे पडून धुरकट झालेली बाटली फेकून द्या. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर हे काटेकोर पाळावं; साठीच्या आजोबांनी एखाद्या प्लास्टिकच्या ग्लासावरून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

एटीएमची पावती आणि मॉलचं बिल ज्या गुळगुळीत कागदावर येतं, त्यावर हीच बिस्फेनॉलं मोकळ्या पुडीसारखी असतात आणि बोटांना लागतात. युरोपने २०२० पासून त्यात बीपीएला जवळजवळ बंदी केली, तर कागदवाल्यांनी बिस्फेनॉल एस घेतलं. आपण बिल मोबाइलवर मागवू शकतो. गल्ल्यावर दिवसाला शेकडो बिलं फाडणारी बाई गरोदर असेल, तर तिला तेवढे महिने दुसरं काम देणं कुठल्याही दुकानदाराला जमण्यासारखं आहे, आणि त्यासाठी बर्लिनमध्ये खुला राहिलेला प्रश्न सुटायची वाट बघायला नको.